मुका खांब

मराठी माणूस कशाचंही परीक्षण करू शकतो. नाटकाचं करतो, पुस्तकाचं करतो, लग्नातल्या जिलबीचं करतो आणि जिलबी खाऊन झाल्यावर नवऱ्या मुलाचंही करतो. गाण्याच्या बैठकीहून आलेला गृहस्थ 'आज मध्यलय जरा रेंगाळली' असं म्हणाला नाही, तर तिकिटाचे पैसे वाया गेले असं त्याच्या घरचेच समजतात. पण क्रोशाच्या विणकामाचं परीक्षण मी आजवर कुठे वाचलेलं नाही आणि कुणाच्या तोंडून ऐकलेलंही नाही. एखादी बाई चार महिने मान मोडून विणलेला टेबलक्लॉथ आपल्यापुढे पसरते, आणि आपण म्हणतो, "वा! छान झालंय हो. किती दिवस लागले?" बस्स. दोन तास यमन मांडलेल्या गवयाला "छान गायलात, घसा नाही ना दुखत?" असं विचारण्यातलाच हा प्रकार.

मी स्वतः तर एवढंही म्हणालो नव्हतो. पण ते पुढे येईलच.

गेल्या दिवाळीत आमची नात सुट्टीला आली ती एक जांभळा ऑक्टोपस घेऊन. म्हणजे अर्धा. उरलेले चार पाय ती आमच्याकडे विणणार होती. ही मुलगी कॉम्प्युटर इंजिनिअरिंग शिकते. चार वर्षांच्या फीच्या पावत्या डोळ्यांपुढे आणून मी विचारलं, "हे अभ्यासक्रमात आहे का गं?" तर म्हणाली, "आजोबा, हे अमिगुरुमी आहे." मला वाटलं, जपानी आजार असेल. जपानी निघालं, आजार मात्र नाही. लोकरीच्या विणून, आत कापूस भरून केलेल्या छोट्या बाहुल्यांना जपानी लोक असं म्हणतात. 'अमी' म्हणजे विणलेलं आणि 'नुईगुरुमी' म्हणजे कापूस भरलेलं खेळणं, या दोघांची ही संधी.

आमची ही चष्मा पुसत जवळ आली, ऑक्टोपस उलटा धरून त्याच्या बुडाकडे पाहिलं आणि म्हणाली, "अगं, हे तर नुसते मुके खांब आहेत!"

क्रोशातल्या टाक्यांची मराठी नावं ज्याला ठाऊक नाहीत, त्याने आपल्या भाषेतली एक गंमत गमावली आहे. साखळी, मुका खांब, अर्धा खांब, खांब. सुईवर दोऱ्याचा वेढा न घेता घातलेला, बुटका, गप्प बसलेला टाका तो मुका. नातीला तो 'सिंगल क्रोशे' म्हणून माहीत. पण अमेरिकेत ज्याला सिंगल म्हणतात त्याच टाक्याला इंग्लंडात डबल म्हणतात, आणि त्यामुळे इंग्रजी कृती वाचताना ती कुठल्या बाजूच्या समुद्राची आहे हे आधी बघावं लागतं, असं ती सांगत होती. हिच्या मते दोन्ही देश चुकीचे. तो मुका खांब.

मग त्या दोघींनी मोबाइल मध्ये ठेवून जगातलं विणकाम पाहायला सुरुवात केली आणि मी पेपर वाचत असल्याचं नाटक करत मागून पाहू लागलो. सांगतो तुम्हाला, थक्क झालो! न्यूयॉर्कमध्ये वॉल स्ट्रीटजवळ तो प्रसिद्ध ब्राँझचा बैल आहे ना, शेअर बाजाराचं दैवत, त्याला २०१० च्या नाताळात ओलेक नावाच्या कलावंताने रातोरात गुलाबी-जांभळा क्रोशाचा झगा घातला होता. शिंगांपासून शेपटीपर्यंत. काही तासांत तो कापून काढला गेला. त्याच्या पाच वर्षं आधी, २००५ मध्ये, ह्यूस्टनच्या माग्दा सायेग या बाईंनी आपल्या दुकानाच्या दाराच्या मुठीला एक विणलेलं वेष्टण घातलं. लोक थांबून पाहायला लागले. तिथून पुढे झाडं, दिव्याचे खांब, बस अशा सगळ्यांना लोकरीचे कपडे चढवायची जगभर लाटच आली. याला 'यार्न बॉम्बिंग' म्हणतात.

इथे मी पेपर खाली ठेवला. दाराची मूठ? अहो, आमच्या फ्रिजच्या हँडलला १९८३ पासून झगा आहे! लाल, मधे पांढरी फुलं, कडेला झालर. रेडिओला होता, टीव्हीला होता, मिक्सरला होता. दादरच्या चाळीत आमच्या आत्याच्या खोलीत उघडा पडलेला पदार्थ एकच, तो म्हणजे आत्याचे यजमान, आणि तेही हिवाळ्यात कानटोपीत असत. सोफ्याच्या पाठीवर तिने विणलेले चौकोन असायचे. साहेबाच्या देशात एकोणिसाव्या शतकात पुरुष डोक्याला मॅकॅसर नावाचं तेल थापत, त्याचे डाग खुर्चीला पडू नयेत म्हणून बायकांनी ही कापडं काढली. आमच्याकडे मॅकॅसरची जागा खोबरेलाने घेतली, तेव्हा आत्याच्या त्या चौकोनांवर पाहुण्यांच्या डोक्यांचे नकाशे उमटलेले मला आठवतात. सांगायचा मुद्दा असा की, यार्न बॉम्बिंगमध्ये आत्या ह्यूस्टनच्या किमान वीस वर्षं पुढे होती. फक्त तिच्या घराबाहेर कुणी थांबून पाहिलं नाही.

मात्र अभिमान बाजूला ठेवून बोलायचं, तर बैलाचा झगा मला तितकासा पटला नाही. कल्पना झकास. पैशाच्या माजलेल्या बैलाला आजीबाईचं लोकरकाम घातलं की तो एकदम टोपडं घातलेल्या बाळासारखा दिसतो, हसू येतं. पण हसून झाल्यावर काय? आत बैल आहे तसाच आहे आणि वरचं विणकाम नुसतं शिंप्याचं काम करतंय. टाक्याला स्वतःचं काही म्हणायचं नाही. आमच्या फ्रिजच्या हँडलबद्दल माझी हीच तक्रार आहे, आणि ती मी चाळीस वर्षं मनात ठेवली आहे, कारण हँडलवालीच मला जेवायला वाढते. रुखवतात मांडतात त्या विणलेल्या हंसाबद्दलही हेच. पोटात प्लॅस्टिकचा डबा, मानेत तार, चोचीला नखांचं लाल पॉलिश. हंस त्यात नाही, विणकामही नाही, हौस तेवढी आहे.

याच्या उलट, तांब्यावर झाकायची ती जाळी आठवा. हातभर दोरा, मधोमध एक फूल, आणि काठाला मणी. ते मणी शोभेचे नव्हेत. त्यांच्या वजनाने जाळी चारी बाजूंनी खाली ओढली जाते, वाऱ्याने उडत नाही, माशी आत जात नाही आणि हवा आत जाते. एक टाका जास्त नाही, एक कमी नाही. वर दूध ओतायला जाळी उचलली की मण्यांचा जो बारीक आवाज होतो, तो फुकट! माझ्या मते क्रोशाच्या मराठी वाङ्मयातली ही सर्वांत निर्दोष कलाकृती आहे आणि तिच्या लेखिकेचं नाव कुणाला माहीत नाही.

पण थांबा, मोबाइलमध्ये पुढे समुद्र आला. आता जरा भूमितीत शिरावं लागेल, तरी घाबरू नका, हातात सुई असलेली बाई बरोबर आहे.

मुक्या खांबाची सपाट गोल चकती विणायची असेल, तर मधल्या फासात सहा टाके घालायचे, पुढच्या फेरीत बारा, मग अठरा, मग चोवीस. दर फेरीला सहा वाढवायचे. वाढवायचे थांबलात की कडा वर वळतात आणि वाटी होते. ऑक्टोपसचं डोकं म्हणजे अशी उपडी वाटी. आणि सहापेक्षा जास्त वाढवत गेलात, तर चकतीला जागा पुरत नाही. ती लाटा घेऊ लागते. झालर येते. आत्या शिकवायला बसली की नवशिक्या मुलींवर ओरडायची ती याच दोन शब्दांत, "वाटी झाली तुझी!" नाहीतर "झालर आली, उसव!"

डायना टायमिना नावाच्या लाटव्हियाच्या एक गणिती बाई अमेरिकेत कॉर्नेल विद्यापीठात होत्या. तिथे १९९७ मध्ये त्यांनी ही झालर उसवायच्या ऐवजी वाढवत नेली. शाळेत आपण घोकलं होतं की रेषेबाहेरच्या एका बिंदूतून त्या रेषेला समांतर अशी एकच रेषा जाते. एकोणिसाव्या शतकात बोल्याय आणि लोबाचेव्हस्की यांनी, अशा अगणित रेषा जातील अशीही भूमिती असू शकते, हे मांडून दाखवलं. पण मांडणं निराळं आणि हातात देणं निराळं. गणिती लोक कागदाच्या पट्ट्या चिकटवून त्या पृष्ठभागाचे नमुने करत आणि ते फाटत. टायमिनाबाईंनी क्रोशाची सुई घेतली, दर ओळीत ठरलेल्या प्रमाणात टाके वाढवले आणि तो पृष्ठभाग लोकरीत विणून विद्यार्थ्यांच्या हातात दिला. वर दुसऱ्या रंगाच्या दोऱ्याने त्या समांतर रेषा शिवून दाखवल्या. चुरगळा, पिशवीत कोंबा, काही होत नाही. त्यांच्या पुस्तकाला वर्षातल्या सर्वांत विचित्र शीर्षकाचं बक्षीस मिळालं, आणि मग २०१२ मध्ये गणितावरच्या चांगल्या पुस्तकाचं ऑयलर पारितोषिकही मिळालं. लोक हसले आणि मग मानही दिला. दोन्ही त्याच पुस्तकाला.

ही म्हणाली, "म्हणजे आत्या ज्याला चूक म्हणायच्या, ते गणित होतं?"

"आजी, गणित दोन्हीकडे होतं," नात म्हणाली. मला हे वाक्य आवडलं. फीच्या पावत्या थोड्या वसूल झाल्या.

याच झालरीतून पुढे मार्गारेट आणि क्रिस्टीन वर्टहाइम या बहिणींनी २००५ मध्ये लॉस एंजेलिसला घरच्या घरी प्रवाळ विणायला घेतलं. दोघी मूळच्या ऑस्ट्रेलियातल्या क्वीन्सलँडच्या, जिथलं मोठं प्रवाळ समुद्राचं पाणी तापल्याने पांढरं पडून मरत चाललं आहे. प्रवाळ, समुद्री गोगलगायी, शेवाळं यांच्या झालरी निसर्गाने त्याच वाकड्या भूमितीने विणलेल्या असतात. हळूहळू जगभरच्या हजारो बायका (आणि थोडेसे पुरुष, त्यांना माझा नमस्कार) त्यात सामील झाल्या. गावोगावी प्रवाळाचे डोंगर उभे राहिले. २०१९ मध्ये व्हेनिसच्या प्रदर्शनात ते मांडलं गेलं, आणि २०२२ मध्ये जर्मनीत बाडेन-बाडेनला चाळीस हजारांवर विणलेले तुकडे एकत्र आले. काही तुकडे तर प्लॅस्टिकच्या पिशव्या कापून त्याच्या पट्ट्यांचे. दुधाच्या पिशव्या धुऊन, वाळवून, आसनं विणणाऱ्या आमच्या बायकांची मला इथे सणसणीत आठवण झाली.

ही कलाकृती मला का आवडली, ते सांगतो, कारण परीक्षणाला बसलोय तर हात आखडता कशाला घ्या! बैलाच्या अंगावर टाका नुसता पांघरलेला होता. इथे टाकाच प्राणी झाला आहे. आत बैल नाही, तार नाही, डबा नाही. टाके वाढवले म्हणून ते तसं दिसतंय, आणि खरं प्रवाळही तसंच वाढतं. शिवाय प्रत्येकीचा हात निराळा. कुणाचा सैल, कुणाचा घट्ट, कुणी कृती सोडून भलतंच काही केलेलं. त्या भलत्याचंच तिथे चीज होतं. दोष एकच वाटतो. हजारो तुकडे एकत्र पाहताना डोळा दमतो, आणि मग एखादा टोमॅटोएवढा केशरी तुकडा, जो कुणीतरी एका रविवारी खिडकीत बसून विणला असेल, तो दिसेनासा होतो.

जपानच्या तोशिको होरिउची मॅकअ‍ॅडम यांची गोष्ट याहून गोड. त्या दोऱ्यांची प्रचंड जाळी विणून कलादालनात टांगत. एकदा दोन मुलं आली आणि 'हात लावू नये' वगैरे न वाचता सरळ जाळीत चढून झोके घ्यायला लागली. दुसऱ्या कुणी पोलीस बोलावले असते. या बाईंना साक्षात्कार झाला की आपलं काम इतका वेळ अपुरं होतं. तेव्हापासून त्या मुलांना लोळायला, लोंबकळायला जाळी विणत आल्या. हाकोनेच्या उघड्यावरच्या कलासंग्रहालयात २००९ पासून त्यांची रंगीबेरंगी जाळी एका लाकडी घुमटाखाली टांगलेली आहे. फोटोत मुलं तिच्यात आंब्यासारखी लगडलेली दिसतात.

एवढं पाहून झाल्यावर नात सहज म्हणाली, "आजोबा, आपल्या घरी असं जुनं काही आहे का?"

हिने माझ्याकडे पाहिलं. मी पंख्याकडे पाहिलं.

आहे. १९७८ मध्ये आमच्या लग्नात आत्याने स्वतः विणलेला टेबलक्लॉथ दिला होता. पाटावरून उठताक्षणी तिने तो सगळ्यांसमोर उलगडला. पांढऱ्या सुती दोऱ्याचा, पुरा सहा माणसांच्या टेबलाचा. तेव्हा आमच्याकडे टेबलच नव्हतं, ही गोष्ट वेगळी. मी नवा नवरदेव, चारचौघांत विनोद करण्याची जबाबदारी आपली आहे असं समजणारा. मी म्हणालो, "आत्या, यात मासे किती किलो मावतील?" मांडव हसला. आत्याही हसली. सगळ्यांत मोठ्यानं तीच हसली. मग तिने तो घडी घालून हिच्या हातात दिला. पुढे आमच्याकडे टेबल आलं, त्याच्यावर प्लॅस्टिक आलं, सनमायका आला. आत्या अधूनमधून येई, टेबलाकडे बघे आणि "चहा बरा झालाय हो" म्हणे. टेबलक्लॉथ ट्रंकेत डांबराच्या गोळ्यांसोबत राहिला. आत्या जाऊनही आता एकोणीस वर्षं झाली.

तेव्हा हे परीक्षण थोडं उशिरा येत आहे.

टेबलक्लॉथ चौकटींचा आहे. बारा गुणिले आठ, म्हणजे शहाण्णव चौकटी, प्रत्येक वेगळी विणून मग जोडलेली. प्रत्येक चौकटीत चार अननस. अननसाची वीण अशी की खाली साखळीच्या बारा कमानी, पुढच्या ओळीत अकरा, मग दहा, असं करत वर एकच कमान उरते आणि अननसाला टोक येतं. नातीने हिशेब केला : अननस तीनशे चौऱ्याऐंशी. हिच्या मते सराईत हाताला एका चौकटीला दोन तास लागतील. म्हणजे एकशे ब्याण्णव तास, जोडकाम आणि झालर वेगळी. आत्या पहाटे पाचला नळावर आणि रात्री अकराला भांड्यांवर असायची. हे तास तिने कुठून काढले?

'फावल्या वेळात' असं आपण म्हणतो. आमच्या नाशिकची गोदावरी जिथे समुद्राजवळ पोचते, तिथे आंध्रात नरसापूर आहे. मिशनरी बायकांनी एकोणिसाव्या शतकात शिकवलेली क्रोशाची लेस तिथल्या बायका घरोघर विणतात आणि ती परदेशात जाते. मारिया मीस या जर्मन विदुषींनी त्यांच्यावर १९८२ मध्ये पुस्तक लिहिलं. त्यात त्यांनी दाखवलं की या बायका जगाच्या बाजारासाठी राबत होत्या, पण त्यांच्या कामाला कुणी काम म्हणत नव्हतं. घरी बसलेल्या गृहिणी, फावल्या वेळात काहीतरी विणतात, एवढंच. त्यामुळे मजुरी नावापुरती, नफा व्यापाऱ्यांचा. आणि क्रोशाची गोष्ट अशी की कारखान्यात ते विणणारं यंत्र आजही चालत नाही. दुकानात स्वस्तात टांगलेली खरी क्रोशाची पिशवी दिसली, तर ती कुणीतरी बाईने हातानेच विणलेली असते, आणि मधे कुणाचा तरी वेळ फावलेला असतो.

असो. पुन्हा टेबलक्लॉथकडे. वीण एकसारखी, दोऱ्याची गाठ कुठेही दिसत नाही. मागची बाजू पुढे पसरली तरी चालेल. माझा आक्षेप झालरीला आहे, ती फार रुंद आहे. अननसांवरून नजर सरळ तिथे घसरते. आत्याला कुठे थांबावं ते कळत नसे, बोलतानाही. मधल्या भागातला पांढरा रंग मात्र आता सायीसारखा झालाय आणि तो नव्यापेक्षा चांगला दिसतो.

हिला एक जागा सापडली. दारावरचा आंबा आपण दाबून पाहतो तशी ती बोटांनी एकेक चौकट चाचपत होती. "इथे हात घट्ट झालाय बघा आत्यांचा," ती म्हणाली. खरंच, कोपऱ्याजवळच्या आठदहा चौकटी बाकीच्यांपेक्षा गव्हाच्या दाण्याएवढ्या लहान आहेत. त्यांच्यातल्या एका अननसात सातनंतर एकदम पाच कमानी आहेत. सहाची ओळ नाही. त्यामुळे तो अननस किंचित मान वाकडी करून उभा आहे. इतरांना 'उसव' म्हणणाऱ्या बाईने तो उसवला नाही. त्या दिवशी काय झालं होतं, कोण आजारी होतं, कुणी काय बोललं होतं, की नुसते दिवे गेले होते, हे विचारायला हवं होतं. मला पंचवीस-तीस वर्षं मिळाली होती. मी मासे विचारले.

दुसऱ्या दिवशी टेबलक्लॉथ टेबलावर आला. हिने रीतसर वर पारदर्शक प्लॅस्टिक पसरलं, मी ते काढलं. ती म्हणाली, "अहो, वरण सांडेल!" मी म्हटलं, सांडू दे. त्यावर ती काही बोलली नाही, पण वरणाची वाटी त्या दिवसापासून माझ्यासाठी लहान झाली. ऑक्टोपसचे आठही पाय पूर्ण झाले आणि तो टेबलाच्या मधोमध बसला, बरोबर त्या वाकड्या अननसावर टेकून.

परवा शेजारचे नाना चहाला आले. खुर्ची ओढली, टेबलाकडे पाहिलं आणि म्हणाले, "वा! छान आहे हो. किती दिवस लागले?"

मी खुर्ची जवळ घेतली. म्हटलं, "नाना, हे बघा, खाली बारा कमानी आहेत. मग अकरा. मग दहा…"

साताच्या ओळीपर्यंत नानांचा चहा संपला. त्यांनी घड्याळ पाहिलं. मी म्हटलं, "बसा हो, खरी गंमत पुढेच आहे. आणि कप आधी बशीत ठेवा."